त्यांना रजा मिळावी म्हणून

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आरोग्यसेवेचा रविवार असतो. उपासना संपता संपता पाळकसाहेब सगळ्या डॉक्टर-नर्सना पुढे बोलावतात, आम्ही ओळीनं उभे राहतो, आमच्यासाठी प्रार्थना होते आणि मग बाहेर चहा-समोसा. मला असं पुढे जाऊन उभं राहायला अजिबात आवडत नाही. पण नाही गेलं तर आई आठवडाभर ऐकवते, म्हणून जाते. यंदा चहाच्या वेळी तरुण संघातला एक मुलगा आला. नुकताच इंटर्न झालेला, गळ्यात स्टेथोस्कोप नव्हता एवढंच. म्हणाला, ‘आंटी, आम्ही वस्तीत मोफत आरोग्य शिबिर घेतोय. तुम्ही याल ना?’

मी म्हटलं, नाही.

बिचाऱ्याचा चेहरा पडला. कारण सांगायला लागले तर समोसे गार झाले असते, म्हणून इथे लिहितेय. तो वाचतो असं त्याची आई म्हणाली.

शिबिरांवर माझा राग जुना आहे. मांडव, बॅनर, बॅनरवर सगळ्यांचे फोटो, दोन टेबलं, एक बीपीचं यंत्र, एक शुगरचं. दीडशे लोकांचं बीपी मोजायचं, त्यातल्या तिसाचं वाढलेलं निघतं, त्यांना पाच-सात दिवसांच्या गोळ्या द्यायच्या आणि मांडव सोडायचा. बीपीची गोळी बहुतेकांना जन्मभर घ्यावी लागते. आठव्या दिवशी ती बाई कुणाकडे जाणार? बरं, पुण्यात वस्तीपासून ससून रिक्षाच्या अंतरावर आहे, महापालिकेचे दवाखाने आहेत. तिथे तिचं नाव घालून देणं, पहिल्या खेपेला सोबत जाणं, धर्मादाय हॉस्पिटलांत गरिबांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत राखून ठेवाव्या लागतात हे तिला सांगून अर्ज भरून घेणं, हे कुणी करत नाही. त्यात फोटोजोगं काही नसतं.

मला विचाराल तर पुण्यासारख्या शहरातल्या डॉक्टरला खरोखर सेवा करायची असेल तर एकच काम आहे. आडगावातल्या मिशन हॉस्पिटलात वर्षानुवर्षं एकटा राबणारा जो डॉक्टर आहे, त्याला रजा द्या. तुम्ही जा, त्याची जागा धरा आणि त्याला घरी पाठवा.

हे मला कुठून कळलं ते सांगते.

मी भूलतज्ज्ञ. पुण्यात माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही, नोकरीही नाही. सर्जन बोलावतील तिथे बॅग घेऊन जायचं, सकाळी कोथरूड, दुपारी हडपसर, रात्री अडीच वाजता सिझेरियनसाठी पिंपरी. शिकले वेल्लोरला, तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. त्या वेळी एमबीबीएसच्या साठच जागा होत्या आणि मंडळीच्या शिफारशीवर, स्पॉन्सरशिपवर प्रवेश मिळाला तर नंतर दोन वर्षं मिशन हॉस्पिटलात काम करायचं, असा करार. आयडा स्कडर या मिशनरी डॉक्टर बाईंनी १९१८ साली तिथे मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली, त्यामागे एका रात्रीत तीन बाळंतिणी दगावल्याची कहाणी आहे. ती ख्रिस्ती घरांतल्या मुलींना इतक्या वेळा ऐकवली जाते की मी दहाव्या वर्षीच कंटाळले होते. तरी गेले वेल्लोरलाच. घरात वारसाही होता. आजी मिरजेला नर्सिंग शिकली होती.

मिरज म्हणजे वानलेस. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले, १८९४ ला मिरजेचं हॉस्पिटल सुरू झालं आणि १८९७ साली त्यांनी तिथेच मुलांना डॉक्टरीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. आजी शिकायला गेली तेव्हा वानलेस निवर्तलेही होते, पण तिच्या बोलण्यात ‘साहेब असते तर’ इतक्या वेळा यायचं की मला लहानपणी ते आमचे कुणी नातेवाईक वाटायचे. आजीचं एक वाक्य मात्र मला फार पुढे समजलं. म्हणायची, ‘साहेबलोक फर्लोवर जायचे, तेव्हा आमची खरी परीक्षा.’

फर्लो म्हणजे लांब रजा. परदेशी मिशनरी डॉक्टर काही वर्षांनी मायदेशी जायचे, बहुधा वर्षभर. त्या काळात विश्रांती, नातेवाईक, चर्चमधून पैसे गोळा करणं, नवीन शस्त्रक्रिया शिकून येणं, सगळं व्हायचं. म्हणजे ज्या लोकांना आपण त्यागमूर्ती म्हणून भिंतीवर लावतो, त्यांच्या मिशनला माणूस थकतो हे पक्कं माहीत होतं आणि तशी सोय त्यांनी नियमातच करून ठेवली होती. स्वातंत्र्यानंतर परदेशी डॉक्टर हळूहळू परत गेले, नवे यायचे थांबले, तिकडचा पैसाही आटला. ठिकठिकाणची हॉस्पिटलं पोरकी व्हायला लागली. १९७० साली इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन निघाली ती अशीच हॉस्पिटलं एकत्र सांभाळायला. खुर्चीवर आपली माणसं आली, वेल्लोरच्या, लुधियानाच्या ख्रिस्ती कॉलेजांत शिकलेली. बंगला मिळाला, जीप मिळाली, जबाबदारी सगळीच मिळाली. फर्लो तेवढा साहेबाबरोबर बोटीनं गेला.

माझी दोन वर्षं खानदेशातल्या एका मिशन हॉस्पिटलात गेली. नाव लिहीत नाही, सर आणि मॅडमना आवडणार नाही. सर सर्जन, मॅडम स्त्रीरोगतज्ज्ञ, दोघं मूळचे केरळचे, मराठी अहिराणी वळणाचं. मी गेले तेव्हा तिथे भूलतज्ज्ञ नव्हताच. सर स्वतः पेशंटच्या पाठीत भुलीचं इंजेक्शन द्यायचे, सिस्टरला ‘नाडी धर, बीपी कमी झालं की ओरड’ असं सांगायचे आणि हात धुवायला जायचे. पोट उघडल्यावर भूल कमी पडायला लागली तर हात पोटात आणि डोकं पेशंटच्या श्वासाकडे. शहरात हे कुणाला सांगितलं की डोळे मोठे होतात. पण पुढचं हॉस्पिटल ऐंशी किलोमीटरवर असतं आणि समोर बाळाचा हात बाहेर आलेली बाई असते, तेव्हा पर्याय तिथेच संपतात.

ऑक्सिजनचे सिलिंडर तालुक्याहून जीपनं यायचे, त्यामुळे ते जपून वापरायचे. स्टोअरच्या मागे ईथरचं जुनं ई.एम.ओ. यंत्र होतं, पुण्यामुंबईच्या मुलांनी फक्त परीक्षेच्या पुस्तकात बघितलेलं. त्याला सिलिंडर लागत नाही, वीज लागत नाही, खोलीतली हवाच ईथरवरून ओढून घेतली जाते. पेशंटला जाग उशिरा येते, उलट्या होतात, थिएटरभर वास सुटतो. पण ईथरमध्ये श्वास सहसा चालू राहतो, आणि एकट्या माणसाला दुसरं काय हवं? वापरलेल्या गॉजपट्ट्या धुऊन, वाळवून, घडी घालून पुन्हा निर्जंतुक व्हायच्या. दुपारी ओपीडी संपली की मावशी आणि दोन सिस्टर ओट्यावर बसून घड्या घालायच्या आणि गावातली सगळी खबर तिथे कळायची.

बिल सगळ्यांना असायचं. पूर्ण माफी कुणालाच नाही, शंभर रुपये का होईना भरायचे, असा सरांचा दंडक. सुरुवातीला मला तो कोरडा वाटला. मग कळलं की त्या कॅशबुकावर सिस्टरांचे पगार चालतात आणि पगार थकले की आधी सिस्टर जातात, मग हॉस्पिटल जातं.

यावरून मला बायबलमधला चांगल्या शोमरोन्याचा दाखला नेहमी आठवतो. वाटेत मार खाऊन पडलेल्या माणसाला तो उचलतो, जखमांवर तेल-द्राक्षारस ओततो, आपल्या गाढवावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराला पैसे देतो, ‘जास्त लागले तर परत येताना देईन’ म्हणतो आणि आपल्या कामाला निघून जातो. या दाखल्यावर आजवर मी ऐकलेली यच्चयावत प्रवचनं शोमरोन्यावर होती. पुढे कित्येक दिवस त्या माणसाच्या पट्ट्या बदलल्या कुणी? ताप आला तेव्हा उठलं कोण? रखवालदार. त्याला ना नाव, ना त्याच्यावर एखादं गीत. सर आणि मॅडम हे उतारशाळेचे लोक. आपण पुणेकर डॉक्टर फार तर शोमरोनी, तेही गाढव पार्किंगला लावून आलेले.

माझा करार संपला, मी एम.डी. केलं, लग्न झालं, पुण्याला आले. सर-मॅडमशी नाताळला फोन व्हायचा. एका नाताळला मॅडम सहज बोलता बोलता म्हणाल्या की धाकट्या बहिणीच्या लग्नाला जमलं नाही, त्याच आठवड्यात दोन अवघड बाळंतपणं होती. आणि सरांची आई कोल्लमला आजारी आहे, पण दोघं एकदम निघाले तर हॉस्पिटलला कुलूप लावावं लागेल. तक्रार म्हणून नव्हत्या सांगत. पाऊस कमी झाला हे ज्या सुरात सांगितलं, त्याच सुरात.

तेव्हा आमची टोळी तयार झाली. दोघांच्या जागी तिघं लागतात: भुलीला मी, वानवडीचे एक निवृत्त लष्करी सर्जन, आणि माझी कोथरूडची मैत्रीण, स्त्रीरोगतज्ज्ञ. ही पक्की देशस्थ, घरी पाच दिवसांचा गणपती, संकष्टीला साबुदाणा. मी तिला भीत भीतच विचारलं होतं. ती म्हणाली, ‘हे बघ, तुझ्या येशूसाठी मी येत नाहीये. त्या बाईला रात्री झोप मिळावी म्हणून येतेय.’ मला वाटतं यावर येशूची काही हरकत नसावी.

पहिल्या वेळी सरांनी आम्हाला हवाली करण्यासाठी शंभर पानी वही भरून ठेवली होती. खाट चारची जखम कशी बघायची, जनरेटर कुठल्या बाजूनं लाथ मारली की सुरू होतो, कुठल्या पेशंटचा मामा दारू पिऊन येतो. कोल्लमला पोचेपर्यंत दर तासाला फोन. नंतर बंद. मैत्रीण घाबरली, काही झालं तर नाही ना! चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला, ‘ते झोपलेत. कालपासून झोपलेतच.’

जाताना आमची गाडी दौंड-मनमाड मार्गानं जाते, म्हणून दौंडच्या अलीकडचं केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं निराधार बायकांसाठीचं मुक्ती मिशन तिथलं. दर वेळी आठवतं की १८८२ साली याच बाईंनी शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना आपल्या बायकांना बाई डॉक्टर हव्यात हे ठणकावून सांगितलं होतं. त्या स्वतः इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायलाच, पण ऐकू कमी यायला लागलं आणि ते शिक्षण राहिलं. आमच्या पहिल्या डॉक्टरीण आनंदीबाई जोशी, त्यांच्या पदवीदानाला १८८६ साली फिलाडेल्फियाला मात्र रमाबाई हजर होत्या. एक ख्रिस्ती झालेली, एक हिंदू राहिलेली. माझी मैत्रीण आणि मी खिडकीशी बसून चकल्या खात असतो तेव्हा ही जोडी मला हटकून आठवते. असो, विषय भरकटला.

तिथल्या कामाचा एक नमुना सांगते, म्हणजे शिबिर आणि यातला फरक कळेल. पाड्यावरून रात्री आणलेली बाई, पहिलटकरीण, बाळाचे ठोके मंदावलेले. टेबलावर बसवलं, सिस्टर पुढून खांदे धरून उभी. मी म्हणते, ‘ताई, हनुवटी छातीला लावा, मांजरीसारखी पाठ करा.’ तिला मराठी कमी कळतं, सिस्टर भिलीत सांगते. कंबरेच्या हाडांची रेषा अंगठ्यानं शोधायची, दोन मणक्यांमधली फट धरायची, कळ येऊन जाईपर्यंत सुई रोखून धरायची. पंचवीस नंबरची सुई केसासारखी बारीक. आत एक पडदा फुटल्याचं बोटांना कळतं आणि मागच्या टोकाला पाण्याचा स्वच्छ थेंब दिसतो. भुलीचं औषध, हेवी बुपिव्हॅकेन, दोन मिलीच्या आसपास. लगेच आडवी, उजव्या कुल्ल्याखाली चादरीची घडी, म्हणजे गर्भाशयाचं वजन मोठ्या शिरेवर पडत नाही. स्पिरिटचा बोळा पोटावर लावून विचारायचं, गार लागतं का? छातीखाली कुठे गार लागायचं थांबतं ते बघायचं. दोन-तीन मिनिटांत ती म्हणते, मळमळतंय. यंत्रानं आकडा दाखवायच्या आधी मळमळ सांगते की बीपी उतरलं. बीपी वर आणणारं मेफेन्टरमिन, सलाइन जोरात. मैत्रिणीचा सुरी धरलेला हात माझ्याकडे बघून थांबलेला. मी मान हलवते.

ते बाळ रडलं. सगळीच रडतात असं नाही.

आता श्रद्धेचं. लोक मला दोन बाजूंनी विचारतात. सोसायटीतले विचारतात, तिथे धर्मांतर करतात का हो? मंडळीतले विचारतात, ऑपरेशनआधी पेशंटसोबत प्रार्थना करतेस ना? माझा नियम साधा आहे. टेबलावरचा माणूस अर्ध्या कपड्यांत, घाबरलेला, हातात सुई टोचलेली, असा असतो. त्याला ‘नाही’ म्हणण्याची ताकद नसते. तशा माणसापुढे मी माझा देव काढत नाही. त्यानं मागितलं तर करते, आणि मागतात बरेच जण. मनातल्या मनात तर रोजच करते, पुण्यातही, सिग्नलला उभी असतानासुद्धा. हॉस्पिटलात सकाळी ओपीडीआधी एक गीत आणि प्रार्थना होते. काही पेशंट बसतात, काही टपरीवर चहा प्यायला जातात, परत आल्यावर नंबर तोच असतो.

मागे एक वारकरी आजोबा हर्नियासाठी आले होते. गळ्यात तुळशीची माळ. नवीन सिस्टर म्हणाली काढा, दागिने चालत नाहीत. आजोबा उठून बसले, ‘मग ऑपरेशनच नको.’ दागिन्यांचा नियम धातूसाठी असतो, कॉटरीनं, म्हणजे रक्त थांबवायच्या विजेच्या यंत्रानं, भाजू नये म्हणून. तुळस लाकूड आहे. मी माळेवर गॉज ठेवून ती खांद्याला चिकटपट्टीनं लावून टाकली. सुई टोचताना ते विठ्ठल विठ्ठल म्हणत होते आणि भिंतीवर येशूचं कॅलेंडर होतं. दोघांचं काही भांडण झालं नाही.

श्रद्धा मला जास्त लागते ती पुण्यात. पेशंट पाठवल्याबद्दल पाकीट द्यायचं-घ्यायचं, त्याला इथे कट म्हणतात आणि कुणी लाजत नाही. एकाच वेळी शेजारशेजारच्या दोन थिएटरांत भूल देऊन ‘बघते ना दोन्हीकडे’ म्हणायचं, त्यातही बरे पैसे असतात. एका ठिकाणी नाही म्हटलं तर मला बोलावणंच बंद झालं, आणि त्या महिन्यात फ्लॅटचा हप्ता नवऱ्यानं एकट्यानं भरला. या गोष्टींवर आरोग्यसेवेच्या रविवारी कुणी बोलत नाही. बोलायला हवं.

जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचाही उल्लेख करायलाच हवा, कारण आमच्यातले सगळे अभिमानानं करतात आणि बहुतेक चुकीच्या कारणासाठी करतात. रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघं वेल्लोरचे. १९७० साली जामखेडला गेले, जनावरांच्या जुन्या दवाखान्यात काम सुरू केलं, १९७९ ला मॅगसेसे मिळालं. लोक म्हणतात केवढा त्याग. मला त्यांची अक्कल जास्त मोठी वाटते. त्यांनी गावागावांतून निवडलेल्या, कित्येकदा निरक्षर, कित्येकदा दलित बायकांना बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोगाची लक्षणं असं सगळं शिकवलं आणि गावातली बरीचशी डॉक्टरी त्यांच्या हाती दिली. त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं की डॉक्टर हे असे, सुंदर पण महाग आणि हाताला न लागणारे. आणि मग पदरच्या दोन साध्या पणत्या काढून एकीवरून दुसरी पेटवून दाखवली. जिथे डॉक्टर नसला तरी काम चालतं, तिथल्या डॉक्टरला रजा घेता येते. माझ्या खानदेशातल्या सरांना हे जमलेलं नाही. शस्त्रक्रियेच्या हॉस्पिटलात ते जमणं अवघडच आहे, पण सिस्टरांवर आणखी सोडता येईल असं माझं मत, आणि ते मी त्यांना प्रत्येक वेळी ऐकवते. ते हसतात आणि वहीत आणखी दोन पानं वाढवतात.

तर यंदाचं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून दहा दिवस सर-मॅडम कोल्लमला जाणार आहेत. आमचे तिघं ठरलेत. एक फिजिशियन आणि एक बालरोगतज्ज्ञ हवा आहे. ख्रिस्ती असायची अट नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू हवं, नूतनीकरण राहिलं असेल तर आधी करा. इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे पेशंटनं दावा लावला तर भरपाईचा विमा, तुमच्या क्लिनिकबाहेरच्या कामाला लागू आहे का ते एजंटला लेखी विचारा, तोंडी नको. इंटर्नना स्वतंत्र जबाबदारी देता येणार नाही, पण रात्रीचे चार्ट भरायला, टाके घालायला शिकायला आणि गॉजच्या घड्या घालायला यावं, जागा आहे. राहणं-जेवण हॉस्पिटलचं, तिकीट ज्याचं त्यानं. मानधन नाही. मेस रात्री आठला बंद होते आणि नंतर काहीही मिळत नाही, फराळ सोबत ठेवा. मोबाईलला रेंज पाण्याच्या टाकीपाशी येते. गाड्यांना दिवाळीत फार गर्दी असते, तेव्हा यायचं असेल त्यांनी कोजागिरीची वाट न बघता कळवा.